थंडीच्या आधाराने उभे अरण्य

स्प्रूस हा उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांचा सूचिपर्णी वृक्ष आहे. पाइन, फर, लार्च आणि हिमालयातला देवदार यांच्याच कुळातला. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत निमुळता होत गेलेला आकार, किंचित खाली झुकलेल्या फांद्या आणि फांदीभोवती चहूबाजूंनी उगवलेली आखूड, टोकदार पाने ही त्याची ओळख. बहुतेक जातींचे पान दोन बोटांत धरून फिरवले की ते चौकोनी असल्याचे जाणवते. फरचे पान चपटे असते. शंकूंवरूनही या दोघांतला फरक कळतो. फरचे शंकू फांदीवर ताठ उभे असतात आणि पिकले की जागच्या जागी सुटे होऊन विखुरतात. स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात आणि सबंधच्या सबंध गळून पडतात.

जगात स्प्रूसच्या सुमारे ३५ जाती आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दमट हवेत सिट्का स्प्रूस ९० मीटरांच्याही वर जातो, तर कॅनडाच्या दलदलीत उभा असलेला काळा स्प्रूस शंभर वर्षांचा होऊनही मनगटाएवढाच जाड राहतो. युरोपातला नॉर्वे स्प्रूस हा तिथल्या लाकूड आणि कागद उद्योगाचा कणा आहे. व्हायोलिनची आणि गिटारची वरची पातळ फळी परंपरेने स्प्रूसचीच असते, कारण त्याचे लाकूड हलके असूनही ताठ असते आणि कंपने चांगली वाहून नेते. भारतातही स्प्रूस आहे. पश्चिम हिमालयात देवदाराच्या वरच्या पट्ट्यात त्याची एक जात वाढते आणि हिमाचलात लोक तिला राई म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत हिमालयातल्या सूचिपर्णी वृक्षांच्या वार्षिक वलयांचा अभ्यास झाला आहे. पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदी ठेवायला सुरुवात होण्याआधीची शतके कशी गेली, हे त्या वलयांवरून वाचता येते.

पण स्प्रूसचे खरे राज्य उत्तरेत आहे. अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंत आणि नॉर्वेपासून रशियाच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पृथ्वीच्या माथ्याभोवती सूचिपर्णी अरण्याचा एक सलग पट्टा आहे. त्याला तैगा किंवा बोरिअल अरण्य म्हणतात. जगातल्या एकूण वनक्षेत्राचा सुमारे चौथा हिस्सा या एका पट्ट्यात आहे. पूर्व सैबेरियात तिथल्या टोकाच्या थंडीमुळे पानगळ होणारा लार्च वरचढ ठरतो. बाकी बहुतेक ठिकाणी स्प्रूस हा प्रमुख वृक्षांपैकी एक. या अरण्याचा अभ्यास गेल्या पन्नास-साठ वर्षांत फार बारकाईने झाला आहे आणि त्यातून एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे आली आहे. दुरून पाहणाऱ्याला वाटते की स्प्रूस थंडीला तोंड देत कसाबसा जगतो आहे. प्रत्यक्षात या अरण्याची सारी घडी थंडीवरच बसलेली आहे. थंडी कमी झाली की ती घडी विस्कटू लागते.

झाडापासूनच सुरुवात केली तर अलास्काच्या अंतर्भागात हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांखाली जातो. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी फाटून मरते. स्प्रूस हे टाळतो ते असे. उन्हाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले की झाडाची वाढ थांबते, पेशींमध्ये शर्करा वाढते, पेशींच्या आवरणांची घडण बदलते. मग थंडी वाढेल तसे पेशीतले पाणी बाहेरच्या फटींत येते आणि तिथे गोठते. पेशीच्या आत उरतो तो दाट द्रव, जो सहजी गोठत नाही. अशी पूर्ण तयारी झालेला पांढरा किंवा काळा स्प्रूस उणे ६० अंशांखालीही तग धरतो. मात्र हीच पाने ऐन वाढीच्या काळात शून्याखाली चार-पाच अंशांनीही करपतात. म्हणजे झाडाची सहनशक्ती कायमची नसते, ती दरवर्षी ठरावीक वेळी कमवावी लागते आणि ठरावीक वेळी सोडून द्यावी लागते. ही वेळ चुकली तर काय होते, ते पुढे येईलच.

पाने वर्षभर हिरवी ठेवण्यामागेही असाच हिशेब आहे. थंड जमिनीत पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो, त्यामुळे झाडांना मिळणारे नत्र अगदी तुटपुंजे असते. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या नत्राची पाने दरवर्षी टाकून देणे परवडत नाही. स्प्रूस एकेक पान सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ वापरतो. स्वीडनच्या उत्तरेकडील फ्लाकालिडेन येथे १९८७पासून चाललेल्या प्रयोगात नॉर्वे स्प्रूसच्या काही तुकड्यांना गरजेनुसार पोषक द्रव्ये देण्यात आली, काहींना नुसते पाणी. नुसत्या पाण्याने फारसा फरक पडला नाही. पोषक द्रव्ये मिळालेली झाडे मात्र शेजारच्या झाडांना कितीतरी मागे टाकून वाढली. उत्तरेतल्या झाडांची वाढ खुंटते ती गारठ्याने, असा सर्वसाधारण समज होता. गारठा झाडाइतकाच जमिनीला गोठवतो आणि तिथे अन्न अडवून ठेवतो, हे या प्रयोगाने ठसठशीतपणे दाखवले.

मग एवढ्या कंगाल जमिनीत नत्र येते तरी कुठून, हा प्रश्न बराच काळ सुटत नव्हता. त्याचे एक उत्तर २००२ साली टॉमस डेलुका आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी दिले. या अरण्यांत झाडांखालची जमीन पिसांसारख्या दिसणाऱ्या मऊ शेवाळाने झाकलेली असते. त्याच्या पानांच्या खोबणीत नीलहरित जिवाणू राहतात आणि ते हवेतले नत्र पकडतात. दर हेक्टरी वर्षाला दीड-दोन किलो, एवढेच. शेतीच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण शतकानुशतके साठत गेले की त्यावर अरण्य उभे राहते. ज्या शेवाळावरून चालताना कोणी खाली पाहणारही नाही, ते या अरण्याच्या पोटापाण्याचा मोठा वाटा उचलते.

शेवाळाखालचे जग तर आणखी महत्त्वाचे. बोरिअल अरण्यातला बहुतांश कार्बन झाडांच्या खोडांत नाही, जमिनीत आहे. तो वरून पडलेल्या पालापाचोळ्यातून आला असावा, असे धरून चालले जाई. उत्तर स्वीडनमधल्या सरोवरांतल्या लहानमोठ्या बेटांवर करिना क्लेमेन्सन आणि सहकाऱ्यांनी जमिनीचा थरामागून थर तपासला. या बेटांचे वैशिष्ट्य असे की मोठ्या बेटांवर विजा जास्त पडतात, म्हणून तिथे वणवे वारंवार लागतात. लहान बेटे हजारो वर्षे न जळता राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की जमिनीत साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के मुळांतून आणि मुळांशी जोडलेल्या बुरशीतून आला होता. झाड पानांत साखर तयार करते, त्यातला मोठा भाग मुळांशी राहणाऱ्या बुरशीला देते, बुरशी त्या बदल्यात नत्र आणि स्फुरद शोधून आणते. बुरशीचे मेलेले धागे थंड जमिनीत कुजत नाहीत आणि थरावर थर चढत जातो. अरण्य वरून खाली साचत नाही, ते आतून साचत जाते.

हे अरण्य मुळात तयार कसे होते, याचा सर्वांत सलग अभ्यास अलास्कातल्या फेअरबँक्सजवळ बोनान्झा क्रीक येथे चालतो. १९८७ साली तो दीर्घकालीन संशोधनाच्या राष्ट्रीय योजनेत सामील झाला. जवळून वाहणारी तानाना नदी दरवर्षी वळणे बदलते आणि गाळाची नवी बेटे टाकते. नव्या गाळावर आधी विलो उगवतो. पाठोपाठ येतो अल्डर, ज्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्र बांधतात. मूस नावाची मोठी हरणे विलो आवडीने खातात आणि अल्डर सोडून देतात, त्यामुळे अल्डरचे फावते आणि जमिनीत नत्र झपाट्याने वाढते. त्यावर पॉप्लर उंच होतो आणि त्याच्या सावलीत पांढऱ्या स्प्रूसची रोपे हळूहळू वर येतात. शंभर-दीडशे वर्षांनी पॉप्लर मरून स्प्रूस उरतो. तेव्हा जमिनीवर शेवाळ पसरते.

ही शेवाळाची गोधडी उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नाही. जमीन दरवर्षी थोडी जास्त गार राहते आणि शेवटी खालचा थर वर्षानुवर्षे वितळतच नाही. त्यालाच पर्माफ्रॉस्ट म्हणतात. गोठलेल्या थरामुळे पाणी मुरत नाही, वरची जमीन पाणथळ होते आणि पांढरा स्प्रूस मागे हटून उथळ मुळांचा काळा स्प्रूस त्याची जागा घेतो. म्हणजे अरण्य थंडी नुसती सोसत नाही, स्वतःच्या पायाखाली ती तयार करते आणि जपते. लेस्ली व्हिएरेक हे या अभ्यासातले एक मोठे नाव. अलास्काच्या किनाऱ्यावर अणुस्फोटांनी बंदर खोदण्याच्या सरकारी योजनेला त्यांनी १९६०च्या सुमारास उघड विरोध केला आणि त्यापायी विद्यापीठातली नोकरी गमावली. योजना रद्द झाली. व्हिएरेक पुढे कित्येक दशके याच अरण्यांत काम करत राहिले.

प्राण्यांचे जगणेही स्प्रूसच्या चालीने चालते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लुएनी येथे चार्ल्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे स्प्रूसच्या अरण्यातल्या सशांचा पिच्छा पुरवला. या भागातल्या सशांची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने चढते आणि कोसळते, आणि त्यामागोमाग लिंक्स या रानमांजराची. हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या खरेदीच्या जुन्या वह्यांतून हे चक्र फार पूर्वीच लक्षात आले होते. कारणावर मात्र वाद होता. अन्न संपते म्हणून ससे मरतात की शिकाऱ्यांमुळे? क्रेब्स यांच्या गटाने एक चौरस किलोमीटरची क्षेत्रे आखली. कुठे विजेच्या कुंपणाने भक्षक बाहेर ठेवले, कुठे सशांना जादा अन्न दिले, एका ठिकाणी दोन्ही केले. भक्षक रोखले तिथे सशांची घनता सुमारे दुप्पट झाली, अन्न दिले तिथे तिप्पट. दोन्ही केले तिथे ती तब्बल अकरा पट झाली. दोन कारणे एकमेकांत गुंतलेली होती आणि त्यांपैकी एकच निवडण्याचा आग्रह चुकीचा होता. एवढा साधा निष्कर्ष हाती यायला उणे चाळीसच्या हिवाळ्यांत कुंपणे सांभाळत दहा वर्षे काढावी लागली.

त्याच प्रदेशात तांबड्या खारींचा अभ्यास १९८०च्या दशकाअखेरीपासून सुरू आहे आणि त्याचे निष्कर्ष तर थक्क करणारे आहेत. पांढरा स्प्रूस दरवर्षी सारखे बी धरत नाही. काही वर्षे जवळजवळ कोरडी जातात आणि मग एका वर्षी मैलोन्‌मैल सगळी झाडे एकदम शंकूंनी लगडतात. बी खाणाऱ्यांची संख्या कमी राखायची आणि मग त्यांना खाऊन संपणार नाही इतके बी एकदम टाकायचे, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. पण खार या डावाला पुरून उरते. स्टॅन ब्युटिन यांच्या गटाने २००६ साली दाखवले की शंकूंचा भरघोस हंगाम येण्याच्या आधीच, म्हणजे बी खायला मिळण्यापूर्वीच, खारी जास्त पिले घालतात. पिले घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा शंकू पिकलेले असतात. येणाऱ्या हंगामाची चाहूल त्यांना झाडावरच्या कळ्यांवरून लागत असावी.

या अरण्याचा परिणाम त्याच्या सीमेपाशी थांबत नाही. १९९०च्या दशकात नासाच्या पुढाकाराने कॅनडातल्या सस्कॅचवान आणि मॅनिटोबा प्रांतांत बोरिआस नावाची मोठी मोहीम झाली. विमाने, उपग्रह आणि झाडांच्या वर उभारलेले मनोरे यांच्या साहाय्याने अरण्य आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण मोजली गेली. उघड्या जमिनीवरचा ताजा बर्फ ७०-८० टक्के सूर्यप्रकाश परत पाठवतो. स्प्रूसचे अरण्य बर्फाने भरलेले असतानाही त्याचे गडद शेंडे बर्फाच्या वर उघडे राहतात आणि परत जाणारा प्रकाश जेमतेम १५-२० टक्क्यांवर येतो. युरोपीय हवामान केंद्राच्या संगणकीय प्रारूपात हा फरक धरलेलाच नव्हता. तिथे बर्फाळ अरण्य उघड्या बर्फासारखेच पांढरे मानले जाई, त्यामुळे उत्तरेकडच्या वसंतातले अंदाज प्रत्यक्षापेक्षा थंड निघत. बोरिआसच्या मोजमापांनंतर ही चूक दुरुस्त झाली आणि अंदाज सुधारले. जंगल लावले की हवा गार होते, हा आपल्याकडचा रास्त अनुभव उत्तरेत जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे अरण्य कार्बन साठवून पृथ्वी गार ठेवते आणि त्याच वेळी गडद रंगामुळे आसपासची हवा तापवतेही. दोन्ही बाजू धरल्याशिवाय तिथल्या वृक्षलागवडीचा हिशेब पुरा होत नाही.

आता थंडी कमी होऊ लागली की काय घडते, ते पाहू. उत्तर ध्रुवाकडचे प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा बरेच वेगाने तापत आहेत. उबदार उन्हाळे आले की थंडीने खुंटलेली झाडे भरभरून वाढतील, अशी अपेक्षा होती. व्हॅलेरी बार्बर, ग्लेन जुडे आणि ब्रूस फिनी यांनी २००० साली फेअरबँक्स परिसरातल्या पांढऱ्या स्प्रूसच्या वलयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उलटेच दिसले. उन्हाळा जितका तप्त, तितके वलय अरुंद. अलास्काच्या अंतर्भागात पाऊस मुळात कमी आहे. हवा तापली की झाडातले पाणी जास्त उडते आणि पाणी वाचवण्यासाठी झाड पानांची छिद्रे मिटून घेते. छिद्रे मिटली की कार्बन घेणेही थांबते.

तहानलेल्या झाडाचा दुसरा तोटा असा की त्याला पुरेशी राळ तयार करता येत नाही, आणि राळ हेच साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांविरुद्धचे स्प्रूसचे मुख्य शस्त्र आहे. अलास्काच्या केनाई द्वीपकल्पावर १९९०च्या दशकात या भुंगेऱ्यांनी दहा लाखांहून अधिक एकरांवरचे स्प्रूस मारले. एरवी या किड्याची एक पिढी पुरी व्हायला दोन वर्षे लागतात. लागोपाठ आलेल्या उबदार उन्हाळ्यांत ती एका वर्षात पुरी होऊ लागली आणि संख्या आवाक्याबाहेर गेली. युरोपात २०१८च्या दुष्काळानंतर दुसऱ्या जातीच्या भुंगेऱ्याने असेच थैमान घातले. चेक प्रजासत्ताकात आणि जर्मनीत डोंगरच्या डोंगर करड्या रंगाचे झाले. तिथल्या हानीत माणसाचाही वाटा होता. लाकडासाठी नॉर्वे स्प्रूस त्याच्या नैसर्गिक सीमेबाहेर, सखल आणि कोरड्या भागांत, एकाच जातीच्या सलग रांगांत लावला गेला होता.

वणव्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण काळ्या स्प्रूसला आग परकी नाही. त्याचे शंकू शेंड्याशी घट्ट गुच्छात असतात आणि वर्षानुवर्षे अर्धवट मिटलेले राहतात. आगीच्या झळीने राळ वितळून ते उघडतात आणि जळालेल्या जमिनीवर बी सांडते. शंभरेक वर्षांनी एकदा आग, मग पुन्हा तेच अरण्य, असे हजारो वर्षे चालत आले. यात अट एकच, जमिनीवरचा शेवाळाचा आणि अर्धकुजल्या पदार्थांचा जाड थर आगीत वरवरच जळला पाहिजे. असा थर शिल्लक असला की त्यावर काळ्या स्प्रूसची थोडी मोठ्या बियांची रोपे टिकतात. आग खोल गेली आणि खालची खनिज माती उघडी पडली की अस्पेन आणि बर्च यांचे वाऱ्यावर उडणारे हलके बी तिथे बाजी मारते. जेनिफर बाल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली उत्तर अमेरिकेतल्या जळालेल्या सुमारे दीड हजार जागांची माहिती एकत्र केली. त्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काळ्या स्प्रूसचे वर्चस्व संपले होते. २०२३ साली कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि त्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. जळाले ते केवळ लाकूड नव्हते; जमिनीत साठलेला जुना कार्बनही त्यात गेला.

या सगळ्या निरीक्षणांत एक अडचण राहते. निसर्गात तापमान, पाऊस, आग, कीड हे सारे एकदम बदलते, त्यामुळे कशाचा परिणाम किती, हे वेगळे काढता येत नाही. त्यावरचा सर्वांत धाडसी उपाय अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मार्सेल प्रायोगिक अरण्यात झाला. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि अमेरिकी वनसेवा यांचा हा प्रयोग ‘स्प्रूस’ याच नावाने ओळखला जातो. जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. काळ्या स्प्रूसच्या पट्ट्याची दक्षिण सीमा इथून जवळ, म्हणजे तापमानवाढीचा फटका आधी बसेल अशी कडा. झाडांखाली स्फॅग्नम शेवाळ आणि त्याखाली दोन-तीन मीटर जाडीचे पीट, म्हणजे न कुजता साठलेल्या वनस्पतींचा थर. शिवाय वनसेवेने १९६०च्या दशकापासून इथल्या पाण्याच्या आणि हवेच्या नोंदी ठेवलेल्या आहेत.

या दलदलीत सुमारे १२ मीटर रुंदीची, माथा उघडा असलेली काचघरासारखी दहा आवारे उभारली आहेत. उभी झाडे, झुडपे, शेवाळ, पीट सगळे जसेच्या तसे आत आले. एका जोडीत काहीच ऊब दिली नाही. बाकीच्यांत बाहेरच्यापेक्षा २.२५, ४.५, ६.७५ आणि ९ अंश जास्त. प्रत्येक जोडीतल्या एका आवारात कर्बवायूही वाढवला. फक्त हवा तापवून भागणारे नव्हते, म्हणून जमिनीत उभे तापक पुरून पीटही खोलवर तापवले. खालून ऊब देणे २०१४मध्ये सुरू झाले, हवा तापवणे २०१५मध्ये, वाढीव कर्बवायू २०१६पासून. पॉल हॅन्सन यांच्या नेतृत्वाखालच्या या गटाने उन्हाळ्यात आणि गोठवणाऱ्या हिवाळ्यातही रात्रंदिवस ही ऊब अखंड चालू ठेवली.

पहिला निष्कर्ष थोडा दिलासा देणारा होता. फक्त खोलवरचे पीट तापवले तेव्हा सुरुवातीच्या वर्षभरात हजारो वर्षांपूर्वीचा कार्बन बाहेर आला नाही. निघालेला मिथेन वरच्या थरातला, नुकत्याच तयार झालेल्या पदार्थांचा होता. हवाही तापू लागल्यावर चित्र बदलले. स्फॅग्नमने जवळपास संपूर्ण जमीन झाकलेली होती. सर्वांत उष्ण आवारांत तीन वर्षांत ते निम्म्याहूनही कमी जागेवर उरले. त्याच्या जागी झुडपे माजली. स्फॅग्नमचे महत्त्व असे की पाणी धरून ठेवणे, जमीन आम्लधर्मी राखणे, पीट तयार करणे ही सारी कामे तेच करते. ते गेले की दलदल दलदल राहत नाही.

झाडांच्या बाबतीत २०१६च्या वसंताने जे दाखवले, ते कोणत्याही आराखड्यात नव्हते. मार्च उबदार गेला. तापवलेल्या आवारांतल्या काळ्या स्प्रूसने आणि लार्चने हिवाळ्याची तयारी लवकर सोडून दिली. एप्रिलमध्ये कडाक्याची थंडी पुन्हा आली आणि हिवाळ्यात उणे ३०-४० सहज सोसणारी तीच पाने करपून गेली. वाढीव उबेने वाढीचा हंगाम लांबवला खरा, पण झाडाला गारठ्यापुढे उघडे पाडले. अँड्र्यू रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हे मांडले.

सर्वांत गंभीर आकडेवारी २०२० साली आली. तीन वर्षांच्या मोजणीनंतर तापवलेली सर्व आवारे कार्बन साठवायचे सोडून तो गमावू लागली होती, आणि तापमान जितके जास्त तितका तोटा जास्त. पीट ज्या वेगाने साठत आले, त्याच्या कितीतरी पट वेगाने ते जात होते. जादा कर्बवायूमुळे झाडे जोमाने वाढतील आणि तोटा भरून काढतील, ही आशा त्या वर्षांत तरी खरी ठरली नाही.

थंडीशी असलेले नाते कसे नकळत तुटते, याचे एक जुने उदाहरण व्हरमाँट राज्यातल्या कॅमल्स हंप या डोंगराचे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूबर्ट व्होगेलमन यांनी १९६०च्या दशकात तिथली झाडे मोजली होती. १९७९ साली पुन्हा मोजली, तर तांबडा स्प्रूस निम्म्यावर आलेला. पुढच्या संशोधनाने उलगडले की आम्लवर्षा पानांतले कॅल्शियम धुऊन नेते, त्यामुळे पेशींची आवरणे कमकुवत होतात आणि एरवी सहज सोसली जाणारी थंडी पानांना मारते. हवेतले प्रदूषण रोखणारा अमेरिकी कायदा १९९० साली आणखी कडक झाला. वीजकेंद्रांतून निघणारे गंधकाचे वायू घटले आणि गेल्या काही दशकांत तांबड्या स्प्रूसची वाढ पुन्हा जोर धरू लागली. कारण ओळखून ते दूर केले तर हे वृक्ष सावरतात, याचा हा ठोस पुरावा आहे.

स्प्रूसची चिकाटी तशी दांडगीच. स्वीडनच्या फुलुफ्येलेट पर्वतावर पाच मीटर उंचीचा एक नॉर्वे स्प्रूस आहे. त्याचे खोड काही शतकांचे, पण त्याच्या खाली मिळालेले लाकूड कार्बन कालमापनानुसार सुमारे ९,५५० वर्षांपूर्वीचे निघाले. लाइफ कुलमन यांनी २००८ साली हे जाहीर केले. त्यांच्या मते जुने खोड मेले की त्याच मुळांतून नवे उठते आणि बर्फाने जमिनीला टेकलेल्या फांद्याही मुळे धरतात. हवामान उबदार झाले की स्प्रूसला पुढेही सरकता येते. अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेपलीकडे, जिथे हजारो वर्षे झाडे नव्हती त्या टुंड्रात, रोमन डायल आणि सहकाऱ्यांना पांढऱ्या स्प्रूसची कोवळी झाडे आढळली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे ही वस्ती दर दशकाला सुमारे चार किलोमीटर उत्तरेकडे सरकते आहे.

उत्तरेकडची ही नवी झाडे दक्षिणेतली हानी भरून काढतील, असे मानणे मात्र धोक्याचे आहे. टुंड्रात झाडे वाढली की बर्फाचे पांढरे पटांगण झाकले जाते आणि तो भाग आणखी तापतो. आणि स्प्रूसच्या अरण्याची खरी ठेव खोडांत नसून जमिनीत आहे. नवे झाड काही दशकांत उभे राहते. मार्सेलच्या दलदलीतले दोन-तीन मीटर पीट साठायला सुमारे दहा हजार वर्षे लागली आहेत.